आबांचं रक्त मी अडवलं

"सर, माझी बाटली अजून खालीच पडेल आहे म्हणे," सुकलाल कंडक्टर मला म्हणाला.

त्याने शर्टाची डावी बाही दंडापर्यंत वर चढवली होती आणि कोपरावरचा कापसाचा बोळा चिकटपट्टीसकट तसाच ठेवला होता. रक्त देऊन चोवीस तास उलटले होते. बोळा काढायला हरकत नव्हती, पण काढला असता तर पुरावा गेला असता.

"खाली कुठे?"

"रक्तपेढीत. फ्रीजमध्ये. मी स्वतः विचारून आलो. ती पोरगी म्हणे, वरून मागणी नाही. आता वर कोण आहे? वर तर तुम्हीच आहात."

त्याचं बरोबर होतं. नाशिकच्या एका खाजगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, सर्जिकल वॉर्डच्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो आणि माझ्या मांडीवर एक कागद होता. आत माझे सासरे होते. दगाजी बोरसे, चोपडा एस.टी. आगाराचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. त्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा. आदल्या सकाळी त्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ आतड्याच्या वीतभर तुकड्यासकट काढली होती. ऑपरेशन झकास झालं होतं. फक्त हिमोग्लोबिन साडेनऊवरून सात पॉइंट सहावर आलं होतं. मांडीवरच्या कागदावर लिहिलं होतं की, रुग्णास रक्त देण्यास नातेवाइकांनी तूर्त नकार दिला आहे. नातेवाईक म्हणजे मी. खाली माझी सही होती, आणि शाई वाळली होती.

आता आबा दुसरे कोणी असते तर ही गोष्ट एका ओळीत संपली असती. पण आबांनी जन्मात एकसष्ट वेळा रक्त दिलं होतं. एस.टी.च्या वर्धापनदिनी, एक जूनला, ते आगारात रक्तदान शिबिर भरवत आणि हे तीस वर्षं चाललं होतं. चोपड्यात कुणाची गाडी उलटली, कुणाची बाळंतीण अडली की लोक आधी आबांच्या घरी जात, मग दवाखान्यात. सुकलालच्या बायकोला आबांनी मध्यरात्री जळगावला जाऊन रक्त दिलं होतं. तो मुलगा आता बारावीला होता आणि नापास झाला तरी सुकलाल त्याला मारत नसे, कारण म्हणे त्याच्या अंगात आबाचं रक्त आहे.

तेव्हा 'आबाचं ऑपरेशन, रक्त लागेल' अशी बातमी गेल्यावर काय व्हायचं ते झालं. दवाखान्याने दोन माणसं मागितली होती. दोन क्रूझर भरून तेवीस आली. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, कँटीनवाला. त्यातली सतरा पास झाली. सहा जणांना रक्तपेढीने परत पाठवलं, तिघांना बीपी, दोघांना शुगर आणि एकाने आदल्या संध्याकाळी किती घेतली ते खरं सांगितलं. हे सहा जण जिन्यात वेगळे बसले होते. त्यांची तोंडं परीक्षेला बसूच न दिलेल्या पोरांसारखी झाली होती.

सतरा बाटल्या खाली तयार, वर आबा पांढरेफटक, आणि मध्ये मी.

सकाळी दहाला डॉ. निरगुडे मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"सात पॉइंट सहा," त्या म्हणाल्या. "नाडी ठीक, बीपी ठीक, नळीतून रक्त येत नाही. सातच्या खाली गेलं, दम लागला, छातीत दुखलं, तर मी कुणाला विचारणार नाही, सरळ रक्त लावेन. तोपर्यंत थांबावं असं माझं मत आहे. कारण तुम्हाला परवा सांगितलंच."

परवा सांगितलं होतं ते असं: आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या वेळी ज्यांना रक्त दिलं जातं, त्यांच्यात नंतर जंतुसंसर्ग जास्त दिसतो, आणि आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. दुसऱ्याचं रक्त आत आलं की शरीराचा स्वतःचा पहारा काही काळ ढिला पडत असावा, असा एक अंदाज आहे.

"पण ते रक्तामुळेच होतं का?" मी विचारलं होतं.

"नक्की नाही सांगता येत. ज्यांना रक्त लागतं ते मुळातच जास्त आजारी असतात. तुम्ही संख्याशास्त्र शिकवता ना? मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल."

कळत होतं, तीच तर पंचाईत होती. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी वीस वर्षं दर बॅचला सांगत आलो होतो. छत्र्यांचा खप वाढतो तेव्हाच सर्दीही वाढते, म्हणून छत्रीने सर्दी होत नाही. यावर वर्ग दरवर्षी हसतो. आता ते उदाहरण नाकात नळी घालून आत पडलं होतं, आणि कुणी हसत नव्हतं.

"मग थांबू या," मी मॅडमना म्हणालो.

"तसं लिहून द्या."

"मत तुमचं आहे ना?"

"मत माझं. सही तुमची." त्यांनी कागद पुढे सरकवला. "बाहेर तेवीस माणसं आहेत सर. आणि माझ्या दवाखान्याची पुढची बाजू सगळी काचेची आहे."

"पेशंट शुद्धीवर आहेत. त्यांचीच सही घ्या की."

"विचारलं. त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं."

मी सही केली.

अकराच्या सुमाराला माझा मेव्हणा युवराज वर आला. त्याचं चोपड्याला खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि आवाज त्या धंद्याला साजेसा आहे.

"दाजी, हे काय ऐकतो आहे मी? रक्त नको म्हणून सही केली तुम्ही?"

"सध्या नको. चार वाजता परत रिपोर्ट आहे."

"सध्या म्हणजे? बाप पांढरा पडला आहे माझा! पंपात पाणी नाही आणि तुम्ही म्हणता चारला बघू?"

"डॉक्टरांचंही मत..."

"डॉक्टरीण बाईला विचारून आलो मी. ती म्हणे, नातेवाइकांनी लेखी नकार दिला आहे."

मी बंद दाराकडे बघितलं. मॅडम राउंडला गेल्या होत्या.

"दाजी, खरं सांगा," युवराजने आवाज खाली आणला, म्हणजे आता फक्त आमच्याच मजल्यावर ऐकू जात होतं, "ड्रायव्हर-कंडक्टरचं रक्त आहे म्हणून नको का? तुम्हा प्रोफेसर लोकांना चालत नाही का ते?"

जिन्यातले सहाही जण उठून उभे राहिले. त्यांचं तर रक्त घेतलंही नव्हतं, पण अपमानात त्यांनी वाटा उचलला.

"तसं नाही रे युवराज."

"मग कसं?"

कसं ते सांगणं अवघड होतं.

"मी आबालाच विचारतो," असं म्हणून तो आत गेला. मला हायसं वाटलं. दोन मिनिटांत तो परत आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"काय म्हणाले?" सुकलालने विचारलं.

"म्हणे, जावईबुवा म्हणतील तसं." युवराजने माझ्याकडे न बघता नाक पुसलं. "एवढा विश्वास आहे त्याचा यांच्यावर. आणि हे बघा."

त्यानंतर मी बाकावरून उठू शकलो नाही. मुतारीकडे निघालो तर सुकलाल सोबत यायचा, मी मागच्या जिन्याने पळेन म्हणून. लिफ्टपाशी दोन मेकॅनिक उभे होते. खिडकीशी गेलो तर खाली क्रूझरच्या टपावर बसलेले दोघे मान वर करून माझ्याकडे बघत. आणि तरीही दीड वाजता त्यांनी डबे सोडले तेव्हा पहिली पत्रावळ माझ्यापुढे आली. भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. जावई उपाशी ठेवायचा नाही, मग तो कसाही निघो.

"घ्या सर, अजून अर्धी," सुकलाल वाढत म्हणाला. "खाऊन घ्या. आबाला तर पाणी नाही तोंडात, तुम्ही तरी खा."



जेवणं झाल्यावर माझी बायको, रत्नप्रभा, मला जिन्याच्या वळणावर घेऊन गेली. सुकलाल चार पायऱ्या सोडून थांबला. तेवढी सभ्यता त्याने पाळली.

"तुम्ही का अडून बसलात?" ती हळू म्हणाली. "मला एकदा नीट सांगा. मला पटलं तर मी सगळ्यांशी भांडेन तुमच्या बाजूने."

"रक्ताने पुढे त्रास होऊ शकतो."

"होऊ शकतो की होतो?"

"होऊ शकतो."

"आणि न दिल्याने?"

"त्यानेही होऊ शकतो."

"मग तुमचं आहे काय म्हणणं?"

जिन्याच्या भिंतीवर कोणीतरी नखाने खरवडून आपलं नाव लिहिलं होतं. मी ते नाव तीनदा वाचलं.

"एकच बाटली लावू द्या," ती म्हणाली. "सतरा नको. एक. मी लग्नात काही मागितलं नाही, नंतर मागितलं नाही. माझ्यासाठी एक."

"चारचा रिपोर्ट येऊ दे."

"आणि तोपर्यंत काही झालं तर?"

मी परत भिंतीवरचं नाव वाचलं. ती पदराने तोंड पुसून वर गेली. त्या दिवसानंतर पुढची काही वर्षं माझी बायको माझ्याशी व्यवस्थित बोलत होती. चहा ठेवला आहे, दूधवाला आला आहे, शर्ट इस्त्रीला दिला आहे. असं.

चारचा रिपोर्ट सात पॉइंट दोन आला.

मॅडमनी मला आत बोलावलं. या वेळी त्यांनी दार स्वतः लावून घेतलं.

"उतरलंय," त्या म्हणाल्या. "नाडी अठ्ठ्याण्णव. सकाळी नव्वद होती. पण सलाईनमुळे रक्त पातळही दिसतं. पोट मऊ आहे, बाकी सगळं ठीक. सात अजून झालेलं नाही."

"तुम्ही काय कराल?"

"माझे वडील असते तर मी थांबले असते."

"नक्की?"

त्यांनी चष्मा काढला. "सर, माझे वडील असते तर मीही जिन्यात बसून रडले असते. हे घ्या."

नवा आकडा, नवी वेळ, खाली माझी जागा. पहिल्या सहीत माझं नाव वाचता येत होतं. दुसरीत येत नव्हतं. बाहेर आलो तर युवराज दारातच उभा होता.

"किती?"

"सात पॉइंट दोन."

"घटलं ना? घटलं ना भो?" त्याने माझ्या हातातला पेन बघितला. "परत केली सही? दाजी, माझ्या बापाला काही झालं तर चोपड्यात पाय ठेवू नका. बहिणीला सोडायलाही स्टँडपर्यंतच या."

सुकलालने प्रथमच माझ्याशी बोलणं टाळलं. तो कोपऱ्यात गेला आणि कोपरावरचा बोळा उचकटून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी सातला परत रक्त तपासलं. सात पॉइंट तीन. 'वाढलं, वाढलं' म्हणत मेकॅनिक एकमेकांच्या गळ्यात पडले. पॉइंट एकचा फरक मशीनच्या चुकीतही बसतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी सात पॉइंट आठ. आठव्या दिवशी आबा घरी गेले. खालच्या सतरा बाटल्या पंधरवड्यात कुणाकुणाला गेल्या. आपली कुणाला गेली हे रक्तपेढी सांगत नाही म्हणून सुकलाल महिनाभर नाराज होता.

पुढे आबांना साधी थंडी वाजली तरी चोपड्यात कारण ठरलेलं असायचं. जिना चढून दम लागला, रक्त दिलं नव्हतं ना. केस गळाले, तेव्हाच बाटली लावायला पाहिजे होती. आबा हे सगळं माझ्यासमोर ऐकत आणि शेंगदाणे सोलत. चौथ्या वर्षी आजार यकृतात उलटला. रक्त न देताही उलटला. दिलं असतं तर कधी उलटला असता, उलटला असता की नाही, हे मला विचारू नका. एका माणसावरून ते सांगता येत नाही. माझ्या विषयाला त्यासाठी हजार माणसं लागतात आणि आबा एकच होते.

आबांच्या दहाव्याला युवराज नदीकाठी माझ्याजवळ येऊन बसला. "त्या दिवशी एक बाटली, दाजी," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी त्याआधी ऐकला नव्हता.

आता सांगायला हरकत नाही. उगाच बाटली लावायची नसते हे आता चोपड्यातले डॉक्टरही सांगतात. आणि युवराज खताच्या पोत्यावरच्या सूचना सोडल्या तर काही वाचत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडम सगळं सांगून गेल्यावर आबांनी घरच्यांना चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, "जावईबुवा, दार लावा."

मी दार लावलं.

"बाई म्हणे ते कळलं मला. अगदी जिवावर बेतलं तर लावा. नाहीतर मला नको."

"मग तसं सगळ्यांना सांगा."

"मी सांगू?" आबा उठून बसले. "तीस वर्षं लोकांना दंडाला धरून खाटेवर निजवलं मी. रक्त म्हणजे जीवदान, हेच माझं तोंड बोलत आलं. आता माझ्या वेळेला मी नको म्हटलं तर सुकलाल काय समजेल? कॅन्सर वाढतो रक्ताने, आबा स्वतःच घेत नव्हता. संध्याकाळपर्यंत यावल, शिरपूर, धुळे, सगळ्या गाड्यांनी बातमी जाईल. कंडक्टर लोक आहेत ते. पुढच्या एक जूनला मांडवात कुत्रं येणार नाही."

"पण मॅडम तसं म्हणाल्याच नाहीत. गरज असली तर रक्ताला पर्याय नाही, असंही म्हणाल्या."

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं. 'गरज असली तर' हे गाडीत बसत नाही हो. गाडी भरली की पहिलं तेच स्टँडवर राहतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"एखादी बाळंतीण रक्तावाचून जाईल जावईबुवा. माझ्या एका 'नको'पायी."

"मग मी काय करू?"

"तुम्ही नाही म्हणा. तुम्ही प्रोफेसर आहात. तुमचं डोकं फिरलं असं लोक सहज मानतील."

"आणि रत्नाला?"

"तिलाही नाही. कुणालाच नाही. मी गेल्यावरही नाही." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. सासऱ्याने जावयाचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे मी तो सोडवूनही घेऊ शकलो नाही. "तुम्हाला फार बोलतील," ते म्हणाले. "माझ्यासमोरही बोलतील. मी गप्प बसेन."

हा शब्द मात्र त्यांनी तंतोतंत पाळला.

ते गेले त्यानंतरच्या एक जूनला आगारातल्या शिबिराला त्यांचं नाव दिलं. वर्कशॉपच्या शेडमध्ये बारा खाटा, भिंतीवर आबांचा फोटो, रांग थेट डिझेलच्या पंपापर्यंत. मी आणि रत्ना रांगेत होतो. आमच्या मागे नव्याने लागलेली एक कंडक्टर होती, खाकी शर्टातली, पहिल्यांदाच देणारी. ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, "सर, याने काही होत तर नाही ना?"

रत्ना माझ्याकडे वळली. पुढे-मागे सगळे ऐकत होते, पण तिला आता थांबवत नव्हतं.

"एक विचारू? लग्नाला बावीस वर्षं झाली. तुम्ही अजून स्वतःच्या शर्टाचा रंग ठरवलेला नाही. हॉटेलात गेलो तर शेजारच्या टेबलावर काय आलं ते बघून मागवता. आणि माझ्या बापाच्या रक्ताचं तुम्ही ठरवलंत? तेवीस माणसांसमोर? दोनदा?"

मी फॉर्मवरचा रक्तगट परत तपासला.

"आबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मागून खाकी बाही पुढे झुकल्याचं मला जाणवलं. पलीकडे सुकलाल, आता रिटायर झालेला, फॉर्म वाटता वाटता थबकला होता.

"नाही," मी म्हणालो. "मीच ठरवलं. तेव्हा चुकलंही असेल."

रत्ना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली आणि सुकलालपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलं ना सुकलालभाऊ? यांनीच अडवलं होतं. माझा बाप घ्यायला तयार होता."

"ते काय आम्हाला माहीत नाही का ताई?" सुकलाल म्हणाला आणि पुढचा फॉर्म काढला.

मग ती मागे वळून त्या मुलीला म्हणाली, "काही होत नाही गं. माझ्या शेजारच्या खाटेवर ये." आणि पुढे सरकताना, पाच वर्षांत पहिल्यांदा, तिने माझी बाही धरली.